मख्खबाई

कालव्यावरचा पूल ओलांडून आम्ही टायरवाल्यांच्या दुकानांपर्यंत आलो आणि बाई पुन्हा थांबल्या.

"अगं, परत जाऊ या का?"

"मघाशी पाण्याच्या टाकीपाशीही तुम्ही हेच म्हणालात," मी म्हटलं. "आणि मग तुम्हीच पुढे निघालात."

"मग आत्ताही निघेन. जरा थांब तू फक्त."

मी थांबले. ऊन डोक्यावर आलं होतं. एक माणूस टायरमध्ये घुसलेला खिळा पकडीने उपसत होता आणि बाई त्याच्याकडे टक लावून बघत होत्या, जणू तो खिळा निघाला की आपणही निघायचं. रिक्षा करू या, असं मी घरापासून म्हणत होते. त्यांचं आपलं एकच, "रिक्षात बसलं की लगेच पोचेन. चालू दे मला."

आम्हाला जायचं होतं एका नर्सच्या आईकडे. बाईंच्या क्लासमध्ये ती नर्स शिकत होती. जिन्यावरून पडून ती गेली, त्याला महिना होत आला होता. तिची छोटी मुलगी सध्या आजीकडे होती, आणि येत्या रविवारी बाप येऊन तिला आपल्या नव्या नोकरीच्या गावी घेऊन जाणार होता. त्याआधी बाईंना त्या आजीला एक गोष्ट सांगायची होती. ती तोंडातून निघेल की नाही, एवढाच प्रश्न होता. तेवढ्यासाठी आम्ही अर्धं शहर पायी तुडवलं होतं.

बाईंची आणि माझी ओळख भिंतीची. भिंत कसली, प्लायवूडचं पार्टिशन. अलीकडे माझा शिवणवर्ग, पलीकडे त्यांचा इंग्रजीचा क्लास. माझं शिक्षण मराठी शाळेतलं. इंग्रजी येतं ते कॉलर, कफ आणि हूक एवढंच. पण इतकी वर्षं पार्टिशनला कान लागून राहिल्यावर माणसाला पुष्कळ कळायला लागतं. शब्द नाही कळले तरी कोण अडखळलं, कोण सुटलं, कोण थापा मारतंय, हे कळतं.

त्यांचा क्लास अगदी नवशिक्यांचा नव्हता. ज्यांना इंग्रजी येतं, वाचता येतं, कामापुरतं बोलताही येतं, पण तेवढ्यावर भागत नाही, अशांचा. त्यांना परीक्षेचं प्रमाणपत्र हवं असायचं. त्याशिवाय परदेशातलं हॉस्पिटल घेत नाही, जहाजावरची नोकरी मिळत नाही, कॉलेजचं दार उघडत नाही. दिवसभराची ड्यूटी करून ही माणसं यायची. कुणी गणवेशातच, कुणाच्या हाताला ग्रीस. तीन बाकं, एक पांढरा फळा, एक स्पीकर आणि कोपऱ्यात बाईंची खुर्ची. वाचन, लेखन, श्रवण सगळं त्या शिकवायच्या, पण नाव होतं ते तोंडी परीक्षेच्या तयारीसाठी.

तोंडी परीक्षेत एक कार्ड हातात देतात. त्यावर विषय असतो: तुम्हाला आवडलेला प्रवास, तुम्हाला मदत करणारा माणूस. मिनिटभर विचार करायचा आणि मग दोन मिनिटं न थांबता बोलायचं. समोरचा परीक्षक हसत नाही, मान हलवत नाही, "बरं का" म्हणत नाही. बाई पूर्वी एका मोठ्या कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होत्या. कंपनी बंद पडल्यावर काही वर्षं त्या खऱ्याच परीक्षेला परीक्षक म्हणून बसल्या. तिथे त्यांना तसं बसायला शिकवलं होतं. तोच चेहरा त्यांनी क्लासात आणला. "परीक्षेला दगडासमोर बोलायचंय, तर आत्तापासून दगडाची सवय करा," असं त्या सांगायच्या. आणि खरंच दगड व्हायच्या. पोरांनी त्यांचं नाव मख्खबाई पाडलं होतं. त्यांना ते माहीत होतं. चालायचं.

क्लासात एक ट्रकड्रायव्हर होता, मोठा गमत्या. बाईंना हसवायची त्याने पैज लावली होती. एकदा दोन मिनिटं त्याने काहीतरी असं सांगितलं की वर्ग लोळायचा बाकी राहिला. बाईंनी घड्याळ बघितलं आणि "थँक यू" म्हणाल्या. तेव्हा तो पार्टिशन हादरेल अशा आवाजात म्हणाला, "बाई, भिंतीला निदान पोपडे तरी येतात हो!"

अलीकडे माझ्या वर्गातल्या मुलीही हसल्या होत्या. तोंडी सराव सुरू झाला की बाई पार्टिशनवर टकटक करायच्या आणि आम्ही मशीन बंद ठेवायचो. त्या दोन मिनिटांत आम्ही काजं करायचो, बटणं लावायचो.

आणखी एक रीत होती त्या क्लासची. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

सुरुवातीला ही माणसं खरं तेच सांगायला जायची आणि अडकायची. आवडलेला प्रवास विचारला तर म्हणायची, प्रवास केलाच नाही. आजोबांबद्दल बोला म्हटलं तर, आजोबा बघितलेच नाहीत. संपलं बोलणं. बाई वैतागायच्या. "परीक्षक तुमच्या घरी चौकशीला येणार नाहीये. आजोबा नसतील तर आणा. घोडा हवा असेल तर आजोबांना घोडा घेऊन द्या. खरं-खोटं कुणी बघत नाही, बोलत राहा." एका वेटरने ते शब्दशः धरलं. नसलेल्या आजोबांना त्याने पांढरा घोडा दिला, घोड्याला नाव दिलं, घोडा आजारी पाडला आणि शेवटी मारलासुद्धा. दोन मिनिटं एकदाही न अडखळता. तेव्हापासून कुणी चांगली थाप मारली की सगळा वर्ग ओरडायचा, "घोडा!" आणि टाळ्या. तीच त्यांची शाबासकी. बाई एवढ्याच बाबतीत मऊ होत्या. घोडा झाला की फळ्यावर त्याच्या नावापुढे एक खूण करायच्या.

खिळा निघाला. बाई चालू लागल्या.

"आधी काय सांगू?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"सुरुवात काय करू? ऐक हं." त्यांनी घसा साफ केला. "तुमच्या मुलीबद्दल मला तीन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, ती माझ्याकडे काय बोलली. दुसरी, ते खरं आहे असं मला का वाटतं. आणि शेवटची..."

"बाई, हे परीक्षेचं उत्तर झालं. आईशी असं बोलतात का कुणी?"

"मग कसं बोलतात?"

त्या चिडून बोलल्या नव्हत्या. खरंच विचारत होत्या. मी म्हटलं, "आधी पाणी मागा. मग बघू."

नर्सला वर्गात सगळे सिस्टर म्हणायचे. तिशीच्या आतबाहेरची, काटक, चालताना कधी चपलेचा आवाज न करणारी. लिहायला हुशार, ऐकायला हुशार, पण तोंडी परीक्षेत तिचं घोडं... नाही, तो शब्द आता नको. तिला रचता यायचं नाही. वेटर तिला चिडवायचा, "सिस्टर, इंजेक्शन देताना 'दुखणार नाही' म्हणता ना, तशीच थाप इथे मारायची!" ती हसायची आणि पुढच्या वेळी परत तेच. मदत करणारा माणूस: माझी आई. आवडती जागा: आईचं घर. तिसऱ्या वाक्याला गाडी बंद. परीक्षा जवळ आली होती, परदेशातल्या हॉस्पिटलचं बोलावणं आलं होतं, फक्त प्रमाणपत्र राहिलं होतं. मुलीला घेऊनच जाणार, असं ती माझ्याजवळ एकदा बोलली होती. मुलीचे फ्रॉक सैल करून घ्यायला आली होती तेव्हा. नवऱ्याचं नाव तिने काढलं नाही आणि मी विचारलं नाही. माणसाच्या घरातलं आपण कशाला विचारायचं?

एका संध्याकाळी बाईंनी टकटक केली, आम्ही मशीन थांबवली, आणि पलीकडे सिस्टरचा आवाज सुरू झाला. कार्ड होतं: तुम्हाला फार भीती वाटली तो प्रसंग. त्या दिवशी ती अडखळली नाही. सावकाश, एका सुरात बोलत गेली. माझ्या एका मुलीच्या हातून बटण पडलं, तेवढा आवाज झाला. दोन मिनिटं संपली तशी बाई "थँक यू" म्हणाल्या. मग ड्रायव्हर ओरडला, "घोडा!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आजवरच्या सगळ्यात मोठ्या.

त्या दिवशी घरी जाताना बाई खुशीत होत्या. आम्ही दोघी रोज संध्याकाळी चौकापर्यंत बरोबरच जायचो. म्हणाल्या, "सिस्टरने आज कमाल केली. नवरा गच्चीच्या जिन्यात मनगट धरून तिला कठड्याबाहेर वाकवतो आणि म्हणतो, पाय घसरला असं सांगेन, कोण विचारणार आहे? अंगावर काटा आला बघ. कठड्याची एक दांडी तुटलेली, तिला तांब्याची तार गुंडाळलेली, असं सुद्धा घातलंन. मी तिला म्हटलं, ती तार फार छान, असेच बारकावे घालत जा."

"आणि ती काय म्हणाली?"

"काय म्हणणार? हसली जराशी."

त्यानंतर ती क्लासला दोनदाच आली. आणि मग बातमीच आली. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली होती, जिन्यात पाय घसरला.

बाई भेटायला गेल्या. सिस्टरच्या घरी खाली जागा नव्हती म्हणून भेटायला येणाऱ्यांना वरच्या मजल्यावर बसवलं होतं. बाई कठड्याला धरून तो गच्चीपर्यंत जाणारा जिना चढत होत्या. वळणावर हाताला काहीतरी बोचलं. बघितलं तर तांब्याची तार.

हे सगळं त्यांनी मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं, माझ्या वर्गातल्या मुली गेल्यावर, कापडाच्या ढिगाशेजारी बसून. म्हणाल्या, "हात सुटेना गं तिथून. मागून बायका चढत होत्या, त्या म्हणाल्या, बाई, चला की." वर गेल्यावर सिस्टरची आई त्यांच्या गळ्यात पडून रडली. तिला कुणी सांगितलं, या क्लासच्या बाई. तर म्हणाली, "तुमच्या क्लासवर फार जीव होता तिचा. तिथून आली की चेहरा उजळलेला असायचा." आणि जावई समोरच भिंतीला टेकून बसला होता. सगळ्यात जास्त तोच रडत होता म्हणे.

बाई पोलिसांकडे गेल्या. एकट्याच गेल्या. मला बोलल्या असत्या तर मी गेले असते. साहेबांनी नीट ऐकून घेतलं, चहासुद्धा मागवला. मग ड्रायव्हरला आणि वेटरला बोलावून विचारलं. ती दोघं बिचारी सरळ माणसं, जे होतं ते बोलली. बाई रचून सांगायला शिकवतात. सिस्टरनेही रचलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. साहेबांनी बाईंना परत बोलावलं आणि म्हणाले, "बाई, घोडा म्हणजे काय ते कळलं मला. आता हा घोडा की खरं, हे मी कसं ठरवू?" तारेचं सांगितलं तर म्हणाले, "ती त्याच जिन्यावरून रोज जात होती. गोष्ट रचायला जवळचीच वस्तू घेतली असेल. तुम्हीच ना सांगता, बारकावे घाला?"

त्या दिवसापासून बाईंनी क्लास बंद ठेवला. पाटीही उतरवली. मी विचारलं, कधी सुरू करणार, तर म्हणाल्या, "कुणी बोलायला लागलं की मला कळतच नाही, खरं बोलतोय का." त्यांचं राहणं भावाकडे, मागच्या खोलीत. भाऊ अबोल. वहिनी तोंडाने फटकळ, मनाने वाईट नाही. तिने त्यांना ऐकवलं, "वन्सं, पोलिसांनी ऐकलं नाही, आता त्या म्हातारीचं काळीज कशाला कुरतडता? आहे त्यात समाधान मानू दे तिला. जावई देवमाणूस आहे म्हणून तर जगतेय ती."

मला ते बोलणं अगदीच टाकाऊ वाटलं नाही, हे खरं. मी रात्री अंथरुणावर देवाला विचारलं. देव असं ताबडतोब उत्तर देत नाही. पण सकाळी उठल्यावर माझ्या डोळ्यांसमोर सिस्टरच्या मुलीचे ते फ्रॉक आले, खांद्याशी सैल केलेले, पुढच्या वर्षीही बसावेत म्हणून. मी बाईंकडे गेले आणि म्हटलं, "चला. मी येते."

पेट्रोलपंपापाशी सावली होती. आम्ही कट्ट्यावर टेकलो. बाईंनी चप्पल काढून टाच चोळली. टाचेला फोड आला होता.

"टाळ्यांचं सांगू नका," मी म्हटलं. बराच वेळ माझ्या मनात ते घोळत होतं. "ती बोलली एवढंच सांगा. तुम्ही ओळखलं, तार बघितली, एवढंच. आईला ते टाळ्यांचं ऐकवणार नाही."

बाई पायाकडे बघत राहिल्या.

"आणि फळ्यावरची खूण?"

"तीही नको."

"ते गाळलं तर परत घोडाच झाला गं," त्या म्हणाल्या. "मग मी बसून एक छान गोष्ट सांगतेय. बाई हुशार, बाईंनी ओळखलं. ओळखलं कुठे? माझ्यासमोर बोलली ती. मी डोळ्यांत बघत होते तिच्या. ती बोलताना मधेच थांबली होती एकदा, अगदी एवढंसं, आणि माझ्याकडे बघितलंन. काहीतरी हवं होतं तिला. मी घड्याळाकडे बघितलं."

पंपावर एक मोटरसायकल येऊन हॉर्न वाजवत राहिली. कुणी लवकर आलंच नाही. मोटरसायकलवाला आमच्याकडे बघून म्हणाला, "मावशी, इथला माणूस कुठे गेला?" बाई म्हणाल्या, "माहीत नाही रे बाबा."

"ती माझा हात धरूनच बोलली असती," त्या म्हणाल्या. "पण तसं आमच्याकडे कुठे होतं? आमच्याकडे कार्ड होतं. म्हणून तिने कार्डावर सांगितलं."

मी त्यांच्या फोडावर माझ्या पर्समधली चिकटपट्टी लावून दिली. शिवणकाम करणाऱ्यांच्या पर्समध्ये ती असतेच.

आम्ही पुन्हा चालायला लागलो. आता बाई पुढे आणि मी मागे. रस्ता अरुंद झाला. दोन्हीकडे खालच्या मजल्यावर दुकानं आणि वर घरं. एका खिडकीत कुणीतरी भांडत होतं, "तुला शंभर वेळा सांगितलंय!" "मग एकशे एकाव्यांदा सांग!" एरवी आम्ही दोघी हसलो असतो.

कोपऱ्यावर वळलो आणि इस्त्रीचं दुकान दिसलं. सिस्टरची आई इस्त्री करते. अर्धं दार, त्याच्या मागे टेबल, टेबलावर जाड घोंगडी अंथरलेली. ती पाठमोरी होती. एका हाताने कापड ओढत होती आणि दुसऱ्या हाताने इस्त्री फिरवत होती, त्या हाताला सवयीने विचार लागत नव्हता. टेबलाच्या टोकाला घड्या केलेल्या चादरींच्या चवडीवर तिची नात बसली होती. पाय हलवत होती. अंगात तोच फ्रॉक होता, मी सैल केलेला. खांद्यावरून घसरत होता.

आजी म्हणाली, "पाय नको हलवू, चवड पडेल."

"रविवारी बाबा येणार ना?"

"येणार."

"मग तू पण ये."

"मी इथेच. मला इस्त्री आहे ना सगळ्यांची."

"मग मी पण नाही जात."

"असं म्हणायचं नाही. बाबाला वाईट वाटेल." म्हातारीने इस्त्री उभी केली आणि नातीच्या खांद्यावरचा फ्रॉक वर सरकवला.

बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जागेवर नव्हता. ओठ हलत होते. आता या तिसऱ्यांदा म्हणणार, परत जाऊ या, असं मला वाटलं. आणि म्हणाल्या असत्या तर मी या वेळी त्यांना घेऊन परत गेले असते. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. त्यांच्यासाठी घेतलं, की त्या पोरीसाठी, की आपलं नुसतंच, ते मला सांगता येणार नाही.

त्या म्हणाल्या नाहीत. माझा दंड त्यांनी घट्ट धरला. नखं लागली.

"टाळ्यांसकट सांगणार आहे," त्या म्हणाल्या.

"बरं."

"ती मला हाकलेल."

"हाकलू दे."

"ऐक. एक कर माझ्यासाठी." त्यांचा आवाज एकदम खाली आला, वर्गात कधीच यायचा नाही तसा. "मी बोलायला लागले की तू म्हातारीकडे बघू नकोस, पोरीकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ. मान हलव. मधूनमधून हूं म्हण. मी थांबले तर नुसतं 'मग?' म्हण. एवढं करशील ना गं?"